चौदा माणसायचा मोहल्ला

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वार्डायचा नवा नकाशा लागला, त्या दिवशी माहं डोकं जे तापलं थे अजून पुरं थंडं झालं नाई. धंद्यानं मी रेडिएटरचा मेकॅनिक हाव. पांढरकवड्याले हायवेवर माहं गॅरेज हाय. हैदराबादकडून येनाऱ्या ट्रकायचे तापलेले रेडिएटर दिवसभर थंडे करतो, अन् संध्याकाळी स्वतः तापून घरी येतो, असं माही बायको आरिफा म्हनते. म्हनू द्या. घरात आमची बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. अथी तुम्हाले समजन तशी सांगतो.

तं नकाशा. आमचं चालखेड मुकुटबनच्या अलीकडचं, साडेसव्वीसशे वस्तीचं गाव. तीन वार्ड, हरेक वार्डातून तीन मेंबर. नकाशाच्या बाजूले एक कागद होता, कोनत्या वस्तीत किती लोकसंख्या. गावठान, पेठ, तांडा, अन् सगळ्यात खाली आमचा मोहल्ला. मोहल्ल्यापुढं लिहेल होतं, चौदा.

मले वाटलं, पुढचा एखादा आकडा पुसला गेला असन. बोट लावून पाह्यलं. पुढं काहीच नव्हतं, कोरा कागद.

"अबे, चौदा कसे?" मी तथीच बोंबललो. "माह्या एकट्या घरात नऊ हायेत! मंग बाकीच्या सत्तर घरात काय पाच मानसं राह्यतेत?"

ग्रामसेवक खिडकीतून डोकावले. "शकीलभाऊ, हा दोन हजार अकराच्या जनगणनेचा आकडा आहे. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, त्यामुळे वार्ड पाडताना तोच धरायचा."

"अकरालेबी आमच्या घरात नऊच होते. माहे अब्बा जिवंत होते तवा."

"मग ते मोजले गेले नसतील," असं म्हनून त्याईनं खिडकी लावली. पंधरा वर्स आम्ही अथी जिवंत राहून राह्यलो, रेशन उचलून राह्यलो, मतं देऊन राह्यलो, अन् ह्या मानसानं एका वाक्यात आम्हाले उडवलं.

मंग मी वरचा आकडा पाह्यला. तांडा, आठशे ब्यान्नव. आता राजेहो, तांडा मले माहीत नाई काय? नाल्याच्या पलीकडं बंजारा लोकायची वस्ती. रामधन नायकाचा तांडा म्हनतेत त्याले. लहानपनी त्या तांड्यात मी बोरं वेचली हायेत. लय झाले तं साडेचारशे लोकं. पन कागदावर आठशे ब्यान्नव, म्हनून तांड्याचा एकट्याचा आख्खा वार्ड, वार्ड नंबर एक. गावठानाचा दोन. पेठेचा तीन, अन् आम्ही चौदा जन पेठेच्या मागं शेपटावानी लटकवलेले. पेठेत मतं आमच्या दुप्पट, म्हंजे तिन्ही मेंबर पेठेचेच होनार.

तुम्ही म्हनसान, होऊ दे ना पेठेचे मेंबर, तुहं काय जाते? माहं जाते. माही अम्मी जाते.

आमचं कब्रस्तान नाल्याच्या पलीकडं हाय, तांड्याच्या अंगाले. उन्हाळ्यात नाल्यात धूळ उडते, पोट्टे क्रिकेट खेयतेत. पावसाळ्यात तोच नाला कमरेवर चढते. आमचे अब्बा गेले थे पोळ्याच्या आधी, भर पुरात. खांद्यावर जनाजा नेता येईना, म्हनून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवला. ट्रॉली मधोमध फसली. पुढं जाईना, मागं येईना. आम्ही पान्यात उभे, अब्बा ट्रॉलीत, वरून पाऊस. दुपारची निघालेली मय्यत दिवस बुडताना पोचली. अम्मी, म्हंजे सुग्राबी, अलीकडच्या काठावर उभी राहून हे सगळं पाहून राह्यली होती. रडली नाई. घरी आल्यावर मले म्हने, "शकील, मले तशी नको नेजो. मी काय सोयाबीनचं पोतं हाव ट्रॉलीत घालायले? चार खांद्यावर जाईन, नाई तं जात नाई."

"जात नाई म्हंजे?"

"रपटा होईस्तोवर मरतच नाई."

आरिफा मागून म्हने, "इन्शाअल्ला." अम्मीनं तिच्याकडं असं पाह्यलं का बिचारी चूल फुकायले पळाली.

तवापासून मी रपट्याच्या मागं लागलो. रपटा म्हंजे काय मोठा पूल नाई, नाल्यावर सिमेंटचा उंच रस्ता, खालून पाइप. पन नाला हीच वार्डायची हद्द. पेठेच्या मेंबरले म्हनावं तं तो म्हने पलीकडचा काठ तांड्याचा, त्याईले सांगा. तांड्याचा मेंबर म्हने अलीकडचा काठ तुमचा. दोघंही काठावर उभे राहून एकमेकाकडं बोट दाखवतेत, अन् मधातून पानी वाह्यते. म्हनून यंदा वार्ड नवे पाडनार म्हटल्यावर मी ठरवलं होतं, आमचा मोहल्ला अन् तांडा एका वार्डात टाकून घ्यायचे. म्हंजे नाला वार्डाच्या पोटात येईन अन् कोनाले हद्द सांगता येनार नाई. याच्या आधी दोन निवडनुका ह्याच आकड्यावर झाल्या असतीन, पन थे कागद वाचते कोन? लोकं निशानी पाह्यतेत. मी पहिल्यांदा वाचला, अन् चौदा निघाले.

संताप संताप करत घरी आलो. अम्मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती.

"अम्मी, सरकार म्हनते आपल्या मोहल्ल्यात चौदाच मानसं हायेत."

तिनं जरा विचार केला. "चौदा? थे तं रुसलेले असतीन."

"कोन रुसलेले?"

"अरे, शीलाचं लग्न नाई का! रामधनभाऊच्या पोरीचं. त्याच दिवशी तं मास्तर मोजायले आलता."

मंग मले एकेक आठवत गेलं. शीलाच्या लग्नाले सारा मोहल्ला तांड्यात होता. अन् कायले नसन? रामधनकाका जुन्या रीतीचा मानूस. बोकड कापायले आमच्याच मोहल्ल्यातून मुल्लाजीले बोलावून नेलतं, कारन जेवन सगळ्यायले चाललं पायजे. घराघराले कुलपं लावून, लेकराबायायसकट, सगळे नाला ओलांडून जेवायले गेलते. फेब्रुवारीचा महिना, नाला कोरडा. मोहल्ल्यात मागं राह्यले कोन? लकवा मारलेले दोन म्हातारे, एक बाळंतीन अन् तिच्या घरचे, अन् एक खानदान जे रुसून बसलं होतं, कारन त्याईले आवतन एक दिवस उशिरा भेटलं. मास्तर आधी मोहल्ल्यात आला. त्याच्याकडं दोन्ही वस्त्या होत्या, तांडाबी अन् मोहल्लाबी. त्यानं हे चौदा जन लिहून घेतले अन् विचारलं, बाकीचे कुठं हायेत? रुसलेल्यायनं सांगतलं, "जा तांड्यात, तथीच मरून राह्यले सगळे गिळायले."

म्हंजे पाहा, साऱ्या मोहल्ल्यात फक्त रुसलेल्यायची गिनती बरोबर झाली.

मास्तर तांड्यात पोचला तं पंगती बसलेल्या. तो रामधनकाकाले म्हने, "नायक, मोहल्ल्यातले एका बाजूला बसवा अन् तांड्यातले दुसऱ्या बाजूला. म्हणजे मला वेगवेगळे लिहिता येतील." काका भडकला. बंजारा लोकायमंदी परक्या मानसाले 'कोर' म्हनतेत. काका म्हने, "जेवत्या पंगतीतून मानसं उठवू? माह्या पोरीच्या लग्नात? तू इकडचा, तू तिकडचा करू? मांडवात कोनी कोर नसते, मास्तर. हे सगळे माहेच हायेत. लिहा माह्याच तांड्यात." मास्तरनं पाह्यलं, दोन्ही वस्त्या आपल्याच, गावचा एकून आकडा तं कुठंच जात नाई. वरून त्याचंही ताट वाढून आलतं. लिहून टाकले सगळे तांड्यात.

"अन् तू काहून नाई बोलली, अम्मी?"

"मी काय बोलू? माह्या तोंडात मटनाची बोटी होती."

"त्या एका जेवनापाई आपला मोहल्ला गेला ना!"

"जेवन पन काय होतं!" अम्मी म्हने, अन् परत शेंगा सोलायले लागली.

मी हरकत घेतली. तशी सोय असते, नकाशा पटला नाई तं लिहून द्यायचं, मंग साहेब बोलावून घेतेत. पन मले साक्षीदार पायजे होता, अन् साक्षीदार एकच, ज्यानं तवा 'सगळे माहेच' म्हटलं होतं तो. तांड्यात गेलो. रामधनकाका आता पंचाहत्तरीचा. लाल पगडी, कानात बाळी, दोन्ही गुडघे गेलेले. म्हटलं, काका, सुनावनीले चला, त्या दिवशी काय झालं थे सांगा. काका लगेच म्हने, "येतो ना. भाभीच्या कामाले नाई येऊ काय?" मले वाटलं, झालं काम.

मोटारसायकलवर मागं बसवून त्याले तालुक्याच्या कचेरीत नेलं. साहेब नवा होता, पोरगाच म्हना, पन बोलायले गोड. त्यानं पुरं ऐकून घेतलं. मंग कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवून समजावलं. वार्ड पाडायला ईशान्येकडून सुरुवात करायची, नागमोडी जात जात दक्षिणेला संपवायचं. वार्डाची लोकसंख्या सरासरीच्या जवळपास ठेवायची. नदी, नाला, मोठा रस्ता अशी हद्द शक्यतो ओलांडायची नाही.

"तुमचा तांडा आठशे ब्याण्णव," साहेब म्हने. "सरासरीला बरोबर बसतो. मग मी नाला कशाला ओलांडू? हां, तांड्याची लोकसंख्या कमी पडली असती, तर ओलांडावाच लागला असता. मग तुमचा मोहल्ला आपोआप तांड्याबरोबर आला असता."

"कमीच हाय ना, साहेब! त्याच्यातले अर्धे आम्ही हाव!"

"पण जनगणनेचा आकडा मला बदलता येत नाही. नावं गुप्त असतात, मलाही दिसत नाहीत." पन तो चांगल्या मनाचा होता, खोटं कायले बोलू? "एक करता येईल. नायकांनी लिहून द्यावं की त्या दिवशी मांडवात होते त्यातले अर्धे लोक आमचे नव्हते, बाहेरून आलेले पाहुणे होते. तेवढं मी माझ्या शेऱ्यासह वर पाठवतो. काय होईल सांगत नाही, पण पाठवतो."

मी कागद काकापुढं सरकवला, पेन हातात देलं. काकानं पेन टेबलावर ठेवलं.

"काय झालं, काका?"

"काय झालं थे मी सांगतलं. पन हे मी लिहून देत नाई," काका म्हने. "जेवून गेलेल्या मानसाले मागून परका म्हनायचं, हे आमच्यात होत नाई. माही शीला त्या मांडवातून सासरी गेली. आता मी म्हनू का अर्धा मांडव परक्यायचा होता? तिले काय तोंड दाखवू?"

"अहो, फक्त कागदावर, काका!"

"तवाबी कागदावरच सांगतलं होतं. एका तोंडानं दोन गोष्टी सांगू काय?"

मी हात जोडले. अम्मीचं नाव घेतलं, अब्बाची ट्रॉली आठवून देली. काकाच्या डोळ्यात पानी आलं, पन पेन काही उचललं नाई. साहेबानं आमच्याकडं पाह्यलं, घड्याळाकडं पाह्यलं, अन् शेरा मारला. हरकत अमान्य.

अन् गंमत पाहा, ज्या मानसानं मले भर कचेरीत बुडवलं, त्यालेच मागं बसवून मले परत आनावं लागलं. गुडघे गेलेला म्हातारा, रस्त्यात कसा सोडू?  तांडा आला तवा राहवलं नाई. "सरळ गोष्ट हाय ना, काका. तीन सीटा फुकटात पदरात पडून राह्यल्या, तं कोन सोडन?"

काका गाडीवरून उतरला. पगडी नीट केली. "चहा घेऊन जा."

"नको तुमचा चहा. त्या दिवशीच्या जेवनाचंच अजून निस्तरून राह्यलो."

निवडनूक लागली. आमच्या मोहल्ल्यात सुतकासारखी शांतता. मी स्वतः पेठेच्या वार्डातून उभा राह्यलो असतो, पडलो तरी चाललं असतं, पन तथीही नियम आडवा. दोनपेक्षा जास्त लेकरं असली तं उभं राह्यता येत नाई. मले तीन. माहनूर, तनवीर अन् शेवटची एक चिटुकली. मोजताना सरकारले आमचा आख्खा मोहल्ला सापडला नाई, पन माहं तिसरं लेकरू बरोबर सापडलं.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी रामधनकाका आमच्या दारात. सोबत त्याचा पोरगा संजय अन् तांड्यातली रुपीबाई. मी उठून आत चाललो होतो, अम्मीनं डोये वटारले म्हनून बसलो.

"भाभी," काका म्हने, "आमच्या वार्डात तीन सीटा हायेत. एक संजयची. एक रुपीबाईची. तिसरी तुमची."

"माही? माही कायची? मी तं अलीकडची."

"गावातला कोनीबी कोनत्याबी वार्डातून उभा राहू शकते, विचारून आलो. अन् तिसरी सीट आमची नाईच. आमच्या मुंडक्यायवर दीड सीट येत होती. बाकीची तुमच्या मुंडक्यायवर आली. तुमची चीज तुम्हाले द्यायले आलो."

मले मान वर करता येईना. कचेरीतून येताना जे बोललो होतो थे आठवलं. काका माह्याकडं पाहून म्हने, "आज तं चहा पिशीन ना, शकील?" मी हौ म्हटलं अन् स्वतःच चहा ठेवायले गेलो. आरिफा पाहतच राह्यली.

तांड्यात काकाचा शब्द चालते. तिघंही बिनविरोध आले. माही अम्मी, आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली, वार्ड नंबर एकची मेंबर झाली. ज्या तांड्याची म्हनून सरकारनं तिले पंधरा वर्साआधी चुकून लिहिलं, त्याच तांड्याची.

पहिल्या मिटिंगले ती पांढरी ओढनी घेऊन गेली. मी बाहेर खिडकीजवळ उभा होतो. तिनं एकच मुद्दा मांडला, रपटा.

ग्रामसेवकानं नकाशा काढला. "आजी, नाला ही हद्द आहे. नाल्याच्या मध्यापर्यंत वार्ड एक, म्हणजे तुमचा. त्याच्या पुढचा अर्धा वार्ड तीनचा. तीनच्या मेंबरांची मागणी पाहिजे."

पेठेचे तिघंही हसले. एक म्हने, "आमच्या वार्डात त्या बाजूले चौदा मानसं हायेत. चौदा मानसायसाठी कोनी रपटा बांधते काय?"

अम्मी टेबलावर हात आपटून म्हने, "नका बांधू! माह्या वार्डात तं बांधा!"

सगळे खो खो हसले. हसता हसता ठरावही पास झाला, कारन तांडा, अम्मी अन् गावठानचे दोन मिळून पाच हात वर झाले. कोनाले वाटलं नाई का हे खरंच होईन. पन सरकारी काम एकदा कागदावर चढलं का थांबत नाई, थांबलेलं चढत नाई. उन्हाळ्यात ठेकेदार आला. त्यानं पलीकडच्या काठापासून सुरुवात केली, तांड्याच्या बाजूनं. पाइप टाकले, सिमेंट ओतलं, दोन्ही बाजूले पांढरे खांब लावले. काम मस्त केलं, मी स्वतः पाह्यलं. अन् नाल्याच्या बरोबर मधोमध येऊन तो थांबला.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं माझ्या टेंडरमध्ये नाही," तो म्हने अन् मशीन घेऊन गेला.

अर्धा रपटा उभा राह्यला. तांड्याकडून रुबाबात येते, नाल्याच्या मधात येऊन संपते, पुढं चार हात खाली खड्डा. शेवटाले पाटी लावली, प्रभाग क्रमांक एक, पूर्ण झालेले काम. अम्मीच्या हातून नारळ फोडला. पेपरात फोटो आला, त्याच्यात नाल्याचा आमच्याकडचा भाग बरोबर कापला होता. हसावं का रडावं थे समजेना, मी दोन्ही केलं.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी पेठेच्या मेंबरायचे उंबरे झिजवले. एक म्हने मंजुरी येईन. एक म्हने नवी जनगनना होऊ दे, तुमचे चौदाचे जास्त होऊ दे, मंग पाहू. अन् पावसाळा लागला.

पहिला पूर आला तवा अम्मी काठावर जाऊन उभी राह्यली, अब्बाच्या वेळेस जिथी उभी होती तथीच. अर्धा रपटा पान्याच्या वर कोरडा ठनठनीत, अन् आमच्याकडच्या अर्ध्यात पानी गरगर फिरून राह्यलं होतं. ती किती वेळ पाह्यत राह्यली.  पानी उतरल्यावर, एका सकाळी मी गॅरेजले निघालो तं अम्मी ओसरीत गाठोडं बांधून बसली होती. जानमाज, दोन जोड कपडे, पानदान, दम्याची गोळी.

"कुठं निघाली?"

"माह्या वार्डात."

"म्हंजे?"

"रामधनभाऊनं एक खोली देली, शेजारी रुपीबाई हाय. माही चूल मी येगळी मांडीन. पावसाळ्यात मौत आली तं तिकडून कब्रस्तान कोरड्या पायानं हाय, शकील. चार खांदे काय, तांड्यात चाळीस भेटतीन. मुल्लाजी काय, पोहत येईन." ती हसली.

"अम्मी, लोकं काय म्हनतीन? जवान पोरगा असताना माय दुसऱ्याच्या घरी? मी मेलो काय?" माहा आवाज चढला. मनात माह्या लाज अन् राग दोन्ही होते, अन् लाज जास्त होती. "अन् तसं काही झालं, पूर असला, तं मी अलीकडं राहून जाईन. मले येता नाई येनार, थे समजते काय तुले?"

तिनं माह्या गालाले हात लावला.

"तवा तू काठावरून पाह्यजो, बेटा. तुह्या अब्बाले मी तसंच पाह्यलं. फक्त तुले ट्रॉली नाई पाहा लागनार."

 गाठोडं मीच उचललं. नाला उतरलो, घोट्याइतक्या पान्यातून तिले हात धरून नेलं, अन् मधात आल्यावर अर्ध्या रपट्यावर चढवलं. तथून पुढं ती एकटीच गेली, ताठ मानेनं, जशी मेंबर जाते तशी. तिकडून रामधनकाका गुडघे दाबत सामोरा येऊन राह्यला होता.

मोहल्ल्यात चर्चा झाली. होऊ द्या. रोज कामावरून आलो का मी काठावर जातो, ती तिकडून येते, अन् आम्ही नाल्याच्या आवाजात ओरडून ओरडून एकमेकायसंग बोलतो. काय जेवली, गोळी घेतली काय, चिटुकलीचा ताप उतरला काय. साऱ्या गावाले आमच्या घरचं सगळं माहीत झालं.

अन् मंग, एवढ्या वर्साची रखडलेली जनगनना आली. आधी घरोघरची यादी करतेत म्हने, घर किती, नळ कुठं, मानसं किती. भर पावसाळ्यात एक मॅडम आली, हातात मोबाइल, डोक्यावर छत्री. ह्या वेळेस मोहल्ल्यात एकाही घराले कुलूप नव्हतं. मी आदल्या दिवशीच घरोघर जाऊन सांगतलं होतं, कोनाचं लग्न असो, बारसं असो, कोनी जागचं हलायचं नाई. मॅडमले पानी देलं, खुर्ची देली. घरातले सगळे ओसरीत रांगेनं उभे केले. पंधरा वर्सायचा हिशेब आज मिटनार, असं मले वाटून राह्यलं होतं.

"घरात नेहमी राहणारे एकूण किती?" मॅडमनं विचारलं.

"नऊ," मी जोरात म्हटलं. मोजून ठेवलं होतं. मी, आरिफा, तीन लेकरं, भाऊ इम्तियाज, त्याची बायको, त्याचं पोट्टं, अन् अम्मी.

मॅडमनं रांगेकडं पाह्यलं. "इथं तर आठच उभे आहेत. नववं कोण?"

"माही अम्मी... तिकडं हाय जरा. पलीकडं."

"सुग्राबी? मेंबर?" मॅडमचा चेहरा एकदम खुलला. "अहो, तो तांडाही माझ्याकडेच आहे. काल मी त्यांना तिथंच लिहिलं. मी विचारलं, आजी, तुम्ही इथं पाहुण्या का? तर नायक माझ्यावर केवढे चिडले! आणि आजी म्हणाल्या, पाहुनी कायची, मी अथीच राह्यतो, अथूनच जानार हाव. एक माणूस दोन ठिकाणी नाही लिहिता येत, दादा. तुमच्याकडं किती लिहू?"

आरिफा माह्याकडं पाहून राह्यली होती. बाहेर नाला फुगलेला, त्याचा आवाज ओसरीत येऊन राह्यला होता. ज्या गिनतीले मी खोटी म्हनून कचेरीपर्यंत भांडलो, रामधनकाकाले नाई नाई थे बोललो, तीच गिनती, अम्मी तांड्याची, आता मले माह्या तोंडानं सांगायची होती.

"आठ लिहा," मी म्हटलं.

मॅडमनं बटन दाबलं. ह्या वेळेस सरकारचा आकडा एकदम बरोबर आला, एका मानसानंबी चुकला नाई.